दावीद आणि दाऊद: नाव एक, पद वेगळं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आधी बायबलचा जुना करार मराठीत वाचला, मग कुरआनचं मराठी भाषांतर हातात घेतलं. माणसं ओळखीची निघाली: अब्राहाम म्हणजे इब्राहिम, मोशे म्हणजे मूसा, दावीद म्हणजे दाऊद. गोष्टी मात्र जुळेनात. एका ग्रंथातला दावीद आपल्याच सैनिकाच्या बायकोला महालात बोलावतो आणि त्या सैनिकाला युद्धात पुढे घालून मारवतो. दुसऱ्यातल्या दाऊदच्या नावावर असं काही नाहीच. म्हणून तुम्ही विचारता की कुणी कुणाकडून घेतलं, कुणी बदललं, आणि दोघंही इब्राहिमाचा वारसा सांगतात तर यहुदी मुहम्मद पैगंबरांना का मानत नाहीत.

धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. बहुतेक वर्ग संध्याकाळचे, नोकरी उरकून येणाऱ्या मंडळींचे. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि 'खरी गोष्ट कुणाची?' याच रूपात येतो. माझ्या मते गाडी गोष्टींपाशी अडलेलीच नाही. ती अडलीय 'प्रेषित' आणि 'धर्मग्रंथ' या दोन शब्दांपाशी. दोन्ही परंपरा हे शब्द वापरतात, पण त्या शब्दाचं काम दोघींकडे निराळं आहे. ते काम समजलं की गोष्टी का वेगळ्या होतात हे बरंचसं आपोआप उलगडतं.

आधीच सांगून ठेवतो, पुढे जिथे मी 'यहुदी मानतात' किंवा 'मुस्लिम मानतात' म्हणेन तिथे जुनी, मुख्य प्रवाहातली, पाठशाळांत शिकवली जाणारी भूमिका समजा. आजचा सुधारणावादी यहुदी तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, शब्दशः सिनाय पर्वतावर उतरली असं मानेलच असं नाही. शिया आणि सुन्नी विद्वानांतही प्रेषितांच्या निष्पापपणाबद्दल कमीजास्त आहेच. तुमच्या ओळखीतला कुणी वेगळं बोलला तर तो चुकला असं समजू नका. तो कुठल्या घरातून, कुठल्या पाठशाळेतून आला ते विचारा.

आता शब्द. मराठीने इथे गंमत केली आहे. मराठी बायबलमध्ये यशया, यिर्मया वगैरेंना 'संदेष्टा' म्हणतात. 'प्रेषित' हा शब्द तिथे येशूच्या शिष्यांसाठी राखलेला आहे. मराठी मुस्लिम लेखनात मात्र नबी आणि रसूल दोघांसाठी सर्रास 'प्रेषित' येतो, आणि बोलण्यात फारसीतून आलेला 'पैगंबर', म्हणजे पैगाम नेणारा. प्रेषित म्हणजे ज्याला पाठवलं आहे तो. इस्लामी कल्पनेला हा शब्द चपखल बसतो, कारण अरबी 'रसूल'चा अर्थ तोच आहे. हिब्रूतला 'नावी' मात्र नुसता पाठवलेला नाही. तो बोलतो, ओरडतो, राजाला सुनावतो, देवाशी हुज्जत घालतो, आणि कधीकधी पळूनही जातो. हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी, घरांत 'एलियाहू हनावी' (एलिया संदेष्टा) पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातंय. त्यातला 'नावी' आणि अरबी 'नबी' सख्खे भाऊ आहेत, फक्त दोन घरांत वाढलेले.

या भावंडांनी मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं. शिकवायला लागल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी फळ्यावर दोन रकाने आखले आणि समोरासमोर नावं लिहिली, दावीद = दाऊद, शलमोन = सुलेमान, अशी. मग सोय म्हणून एकच गोष्ट सांगायला लागलो, बथशेबाची, म्हणजे त्या सैनिकाच्या बायकोची. मागच्या बाकावरचा रत्नागिरीचा एक मुलगा शांतपणे उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमचा दावीद असेल तसा. आमचे दाऊद अलैहिस्सलाम असं करूच शकत नाहीत." 'केलं नाही' असं तो म्हणाला नाही, 'करूच शकत नाहीत' म्हणाला. मी फळ्यावरचं बरोबरीचं चिन्ह पुसलं. तेव्हापासून हा विषय मी याद्यांपासून सुरू करतो.

याद्या बघा. कुरआनात २५ प्रेषितांची नावं येतात असं सर्वसाधारणपणे मोजतात, आणि एका प्रसिद्ध परंपरेनुसार जगात एकूण १,२४,००० नबी होऊन गेले. प्रत्येक लोकसमूहाकडे कुणी ना कुणी आलाच, ही त्यामागची धारणा. यहुदी तलमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात, आकडा आहे ४८ पुरुष आणि ७ स्त्रिया, तोही इस्रायलसाठी भाकीत केलेल्यांचा. साती बायकांची नावं दिली आहेत: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा, एस्तेर. इस्लाममध्ये बहुसंख्य विद्वान नबी पुरुषच मानतात. कॉर्डोबाचे इब्न हज्म यांच्यासारखा एखादा मात्र मरियम आणि मूसांच्या आईलाही नबुव्वत, म्हणजे प्रेषितपद, मिळाली असं म्हणतो.

नावांतला फरक आकड्यांपेक्षा बोलका आहे. आदम, नूह, लूत हे इस्लाममध्ये प्रेषित आहेत. यहुदी परंपरेत नोहा नीतिमान पुरुष आहे खरा, पण त्या ४८ जणांचं काम तो करत नाही, आणि लोट तर नीतिमानसुद्धा जेमतेमच. हूद, सालेह, शुऐब हे अरबस्तानाशी जोडलेले प्रेषित यहुदी यादीत नाहीत. ईसा (येशू) आणि यह्या (बाप्तिस्मा देणारा योहान) तर नाहीतच. उलट बाजूने, ज्यांच्या नावाचे मोठमोठे ग्रंथ यहुदी रोज हाताळतात ते यशया, यिर्मया, आमोस, होशेय कुरआनात नावाने येत नाहीत. तुम्हाला 'तीच माणसं' भेटली असं वाटलं ते मोशे-अब्राहामामुळे. यादीच्या कडा बघितल्या की कळतं, वर्तुळं दोन आहेत आणि ती अर्धीमुर्धीच एकमेकांवर पडतात.

आता दावीद. इथे थोडा वेळ काढू, कारण तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात, ११ व्या आणि १२ व्या अध्यायात, दावीद राजा आहे. बथशेबाचं प्रकरण होतं, तिचा नवरा उरीया मारला जातो, आणि नाथान नावाचा नावी दरबारात येऊन एक गोष्ट सांगतो. एका गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. श्रीमंताकडे कळपच्या कळप. गरिबाकडे एकच मेंढी. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत लेकीसारखी झोपायची. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने गरिबाची तीच मेंढी कापली. दावीद संतापतो, तो माणूस मरायच्या लायकीचा आहे म्हणतो. नाथान दोन हिब्रू शब्दांत उत्तर देतो, 'अत्ता हाईश'. तो माणूस तूच. दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं.

आता कुरआनची ३८ वी सूरह, म्हणजे अध्याय, साद, आयत (ओळ) २१ पासून. दाऊद आपल्या उपासनेच्या जागी आहेत. दोघं भांडखोर भिंत चढून आत उतरतात. दाऊद दचकतात. ते म्हणतात, घाबरू नका, आमचा वाद आहे, न्याय करा. हा माझा भाऊ, याच्याकडे ९९ मेंढ्या, माझ्याकडे एक, तीही दे म्हणतो आणि बोलण्यात मला दाबतो. दाऊद म्हणतात, तुझी एक मेंढी मागून त्याने तुझ्यावर अन्याय केला. आणि लगेच त्यांच्या ध्यानात येतं की ही आपली परीक्षा होती. ते क्षमा मागतात, खाली झुकतात. भारतात बहुसंख्य असलेले हनफी मुस्लिम इथे वाचता वाचता सजदा करतात, म्हणजे जमिनीला कपाळ टेकवतात.

एक मेंढी आणि अनेक मेंढ्या, एवढं दोन्हीकडे आहे. बथशेबा, उरीया, नाथान कुरआनात नाहीत. परीक्षा नेमकी कसली, तेही कुरआन उघड करून सांगत नाही. जुन्या भाष्यकारांपैकी तबरी वगैरेंनी उरीयाची गोष्ट नोंदवली. पुढे इब्न कसीर यांच्यासारख्यांनी ती 'इस्राईलियात' म्हणून, म्हणजे यहुदी-ख्रिस्ती गोटातून आलेली विश्वास न ठेवण्याजोगी कथा म्हणून, बाजूला सारली. एक प्रचलित स्पष्टीकरण असं की दाऊदनी एकाच पक्षाचं ऐकून निवाडा दिला, चूक तेवढीच. पुढची आयत त्याला पोषकच आहे: हे दाऊद, आम्ही तुला पृथ्वीवर खलिफा, म्हणजे प्रतिनिधी, केलं, लोकांत न्यायाने निवाडा कर, मनाच्या लहरीमागे जाऊ नकोस.

आता प्रश्न बदलून विचारा. या गोष्टीने कुठलं काम करायचंय? यहुदी गोष्टीत नावी आहे नाथान. त्याचं काम राजाला आरसा दाखवणं. दावीद इथे मुख्यतः राजा आहे, आणि राजाही कायद्याखाली आहे हे दाखवायला त्याचं पाप उघडं पडावंच लागतं. इस्लाममध्ये दाऊद स्वतः प्रेषित आहेत. प्रेषित म्हणजे ज्याच्याकडे बघून लोकांनी वागायचं तो. मग देवाने दिलेला नमुनाच व्यभिचारी निघाला तर अनुकरण कुणाचं करायचं? म्हणून 'इस्मत' ही कल्पना उभी राहते, प्रेषित मोठ्या पापांपासून राखलेले असतात. शिया मताप्रमाणे तर लहान चुकांपासूनही. त्या रत्नागिरीच्या मुलाचं 'करूच शकत नाहीत' इथून आलं होतं.

हाच हिशेब सोन्याच्या वासराला लावून बघा. तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात लोकांच्या हट्टापुढे मोशेचा भाऊ अहरोन स्वतः वासरू घडवतो. कुरआनच्या २० व्या सूरहमध्ये ते काम सामिरी नावाचा माणूस करतो आणि हारून, म्हणजे अहरोन, लोकांना थांबवू पाहतात. एकदा पद कळलं की गोष्ट कुठे वळेल याचा अंदाज तुम्हालाच यायला लागेल.

पण फार सुटसुटीतही करू नका. यहुदी परंपरेलाही आपल्या थोरांचे डाग सलतात. तलमूदमध्येच एक मत आहे की दावीदाने पाप केलं असं म्हणणारा चुकतो. मग घटस्फोटाच्या कागदपत्रांपासून सैन्याच्या शिस्तीपर्यंत बरीच वकिली होते. फरक इतकाच की मूळ मजकूर तसाच राहतो आणि वकिली त्याच्या बाजूला लिहिली जाते.

दुसरा मोठा फरक पायऱ्यांचा. यहुदींसाठी मोशे आणि बाकीचे सगळे यांच्यामध्ये सरळ दरी आहे. 'अनुवाद' या तोराच्या पाचव्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात म्हटलंय की मोशेसारखा नावी इस्रायलात पुन्हा उठला नाही. तलमूद म्हणतो, बाकीच्यांनी धुरकट काचेतून पाहिलं, मोशेने स्वच्छ काचेतून. १२ व्या शतकातल्या मोशे बेन मैमोन यांनी, ज्यांना जग मायमोनिडीज म्हणतं, श्रद्धेची १३ तत्त्वं मांडली. त्यांत मोशेचं श्रेष्ठत्व हे स्वतंत्र तत्त्व आहे, तोरा स्वर्गातून आली हे पुढचं, आणि ती कधी बदलणार नाही हे त्याच्या पुढचं. यावरून एक गोष्ट सरळ निघते: मोशेनंतरचा कुणीही नावी नवा कायदा आणू शकत नाही. तो फक्त जुन्याकडे परत बोलावतो. यशया ओरडतो, रडतो, पण कलम घालत नाही.

कुरआनात प्रेषितांमध्ये आम्ही फरक करत नाही असं वाक्य आहे, आणि काहींना काहींवर वरचढ केलं असंही आहे. भाष्यकार दोन्ही असं जुळवतात की मानायचं सगळ्यांना, दर्जे मात्र अल्लाहने ठरवलेले. मूसांचं नाव कुरआनात इतर कुठल्याही प्रेषितापेक्षा जास्त वेळा येतं. पण कायदा, शरियत, प्रत्येक मोठ्या रसूलाबरोबर नवी येऊ शकते. संदेशाचा गाभा तोच, एक ईश्वर, आणि नियम काळाप्रमाणे. शेवटचा शिक्का मुहम्मद. 'खातम अन-नबिय्यीन' मधला 'खातम' म्हणजे अक्षरशः मोहोर.

ग्रंथाकडे वळू. इथे जवळजवळ सगळेच एक चूक करतात: 'यहुदींचा जुना करार' आणि 'मुस्लिमांचं कुरआन' असं शेजारी ठेवतात. पहिली अडचण म्हणजे तुम्ही वाचलेला जुना करार हा ख्रिस्ती मांडणीचा, ३९ पुस्तकांचा. मजकूर तोच असला तरी यहुदी आपला हा ग्रंथसंग्रह, तनाख, २४ पुस्तकांचा मोजतात आणि त्याचे तीन थर करतात: तोरा, नवीईम म्हणजे नावींची पुस्तकं, आणि कतुवीम म्हणजे लेख. थरागणिक अधिकार उतरत जातो. कुरआनशी तुलना करायचीच तर ती फक्त पहिल्या थराशी, तोराच्या पाच पुस्तकांशी. ती देवाने अक्षरनिशी मोशेला सांगितली असं मानतात. त्यातही शेवटच्या आठ ओळींत मोशेच्या मृत्यूची हकिगत आहे. त्या कुणी लिहिल्या, यावर तलमूद खुशाल चर्चा करतो: एक म्हणतो यहोशवाने, दुसरा म्हणतो मोशेनेच, डोळ्यांत पाणी आणून.

थरांचा मुद्दा कळायला स्तोत्रसंहिता पुरते. इस्लाममध्ये जबूर हा दाऊदना दिलेला ग्रंथ, मूसांची तौरात आणि ईसांची इंजील यांच्या पंक्तीतला. यहुदी स्तोत्रं तिसऱ्या थरात ठेवतात, नवीईममध्येसुद्धा नाही. कारण साधं आहे. स्तोत्रांत माणूस देवाशी बोलतो: ऐक, का सोडलंस, किती दिवस. कुरआनात बोलणारा अल्लाह आहे. माणसांची प्रार्थना येते तीही त्याच्या बोलण्यात येते. तुम्ही दोन्ही वाचताना आवाज बदलल्यासारखं वाटलं असेल तर ते भाषांतरामुळे नाही.

हा फरक मी वर्गात व्याख्यानाने सांगत नाही, दोन प्रसंग सांगतो. रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजीत हाफिज, म्हणजे कुरआन पाठ असलेला, पुढे उभा राहतो आणि महिन्याभरात कुरआनचे तीसही पारे, म्हणजे भाग, तोंडपाठ म्हणतो. हातात काही नाही. तो अडला किंवा चुकला तर मागचा दुसरा हाफिज लगेच शब्द पुरवतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. आता शनिवारचं सिनेगॉग. वाचणाऱ्यापुढे चामड्याची गुंडाळी उघडलेली, हाताने लिहिलेली, त्यात स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत. तो चांदीच्या टोकदार दांडीने ओळ धरून वाचतो, अक्षरांना बोट लावत नाही. शब्द चुकला तर शेजारी उभे असलेले तिथल्या तिथे दुरुस्त करतात. इथवर दोन्ही घरं सारखीच. पण त्या वाचणाऱ्याला अख्खा भाग पाठ असला तरी त्याने पाठ म्हणायचा नाही, अक्षर बघूनच वाचायचा, असा दंडक आहे. आणि गुंडाळीतलं एखादं अक्षर तुटलं तर ती दुरुस्त होईपर्यंत वाचनासाठी चालत नाही. एकीकडे ग्रंथ मुळात ऐकलेली, उच्चारलेली वाणी. 'कुरआन' शब्दाचा अर्थच पठण. दुसरीकडे ग्रंथ म्हणजे लिहिलेली, हातात सोपवलेली वस्तू.

सोपवलेली हा शब्द मी जाणून वापरला. तलमूदमध्ये एका मातीच्या भट्टीवरून वाद आहे, ती अशुद्ध होते की नाही एवढाच. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला. ते म्हणतात, माझं बरोबर असेल तर हे झाड सांगेल, आणि झाड उपटून १०० हात लांब जातं. पाण्याचा ओहोळ उलटा वाहतो. पाठशाळेच्या भिंती कलतात. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरचंच बरोबर. रब्बी यहोशवा उभे राहून म्हणतात, "ती स्वर्गात नाही." म्हणजे तोरा एकदा खाली दिली, आता निर्णय बहुमताने, आकाशवाणीने नाही. पुढे कुणीतरी एलियाहू नावीला भेटून विचारतं, त्या क्षणी देव काय करत होता? एलियाहू सांगतो, हसला आणि म्हणाला, माझ्या लेकरांनी मला हरवलं.

इस्लाममध्ये मतभेद नाहीत असा याचा अर्थ नाही. कायद्याच्या परंपरा म्हणजे चार सुन्नी मजहब आहेत, इज्तिहाद म्हणजे स्वतः विचार करून निवाडा काढणं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे वाद आहेत. पण ही भट्टीची गोष्ट तिथे घडू शकत नाही. पैगंबर हयात असताना कुठल्याही वादात त्यांचा शब्द अखेरचा, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या शब्दांचा शोध, म्हणजे हदीस. हदीसमागे 'अमक्याने तमक्याकडून ऐकलं' ही साखळी असते. यहुदींकडेही मौखिक तोरा आहे, तिचं संकलन म्हणजे मिश्ना साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झाली, आणि तिचीही साखळी सांगतात, सिनायपासून मोशे, यहोशवा, वडीलजन, नावी. बांधणी सारखी वाटते. पण हदीसची साखळी एका माणसाच्या जगण्याकडे जाते आणि यहुदी साखळी शिक्षकांच्या रांगेकडे. मला स्वतःला या दोन परंपरांत सगळ्यांत जवळचं नातं इथेच दिसतं, प्रेषितांच्या गोष्टींत नाही. रोजचं खाणं, न्हाणं, लग्न, व्यवहार कायद्याने बांधून घेणारी ही दोन घरं एकमेकांना ख्रिस्ती घरापेक्षा लवकर ओळखतात.

आता 'कुणी बदललं' या तुमच्या प्रश्नाचं अवघड टोक. इस्लामी संज्ञा 'तहरीफ'. कुरआन एकीकडे म्हणतं की तौरातमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश आहे, दुसरीकडे म्हणतं की काहींनी शब्द त्यांच्या जागेवरून हलवले. हलवले म्हणजे काय, यावर मुस्लिम विद्वानांतच दोन पक्ष आहेत. इब्न हज्म (९९४–१०६४) म्हणतात मजकूरच बिघडवला, आणि ते तोरातल्या विसंगती एकेक करून मांडतात. इतिहासकार इब्न खल्दून यांना मजकूर बदलणं संभवत नाही असं वाटतं. बिघाड अर्थाचा, लावण्याचा. हदीसमध्ये एक प्रसंग आहे, तोरा वाचताना शिक्षेच्या ओळीवर एका वाचकाने हात ठेवला आणि पुढचं-मागचं वाचलं. हात काढायला लावल्यावर ओळ तिथेच होती. दुसऱ्या पक्षाला हा प्रसंग सोयीचा आहे.

वर्गात इथे हमखास कुणीतरी मृत समुद्राच्या गुंडाळ्या काढतो. १९४७ पासून त्या सापडल्या, त्यांतली यशयाची गुंडाळी पुढच्या संपूर्ण हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी, आणि किरकोळ फरक सोडले तर मजकूर तोच. मग तहरीफचा निकाल लागला का? नाही, कारण दोघं एकाच वस्तूबद्दल बोलत नाहीत. यहुदी 'तोरा' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ती गुंडाळी असते. मुस्लिम 'तौरात' म्हणतो तेव्हा मूसांना मिळालेला मूळ ग्रंथ. तो या गुंडाळीत पूर्ण आहे, अंशतः आहे की झाकलेला, हा त्याच्यापुढचा प्रश्न. उत्खनन पहिल्या वस्तूचं वय सांगतं, दुसरीबद्दल बोलू शकत नाही.

मुहम्मद पैगंबरांना यहुदी का मानत नाहीत, याचं उत्तर आता लहान होतं. यहुदी परंपरेच्या मते हाग्गय, जखऱ्या, मलाखी यांच्यानंतर नबुव्वत बंद झाली, म्हणजे इस्लामच्या हजार-अकराशे वर्षं आधी. शिवाय कायदा बदलणारा नावी त्यांच्या व्याख्येतच बसत नाही. अनुवादचा १३ वा अध्याय सांगतो की कुणी चमत्कार दाखवला म्हणून त्याच्या मागे जायचं नाही. १८ व्या अध्यायात 'त्यांच्या भावांतून तुझ्यासारखा नावी' असं वचन आहे. मुस्लिम 'भाऊ' म्हणजे इस्माईलची संतती असं वाचतात, यहुदी 'भाऊ' म्हणजे इस्रायलातलेच असं वाचतात. शब्द एकच, आणि दोन्ही वाचनं आपापल्या चौकटीत नीट बसतात. यात परस्परांबद्दल तुच्छताच असते असं मात्र नाही. मायमोनिडीज यांनी एका धर्मांतरिताला स्पष्ट लिहिलं की मुस्लिम मूर्तिपूजक नाहीत, ते ईश्वराचं एकत्व निखळ मानतात. ते स्वतः कैरोला राहत होते आणि त्यांचा तत्त्वज्ञानाचा मुख्य ग्रंथ त्यांनी अरबी भाषेत, हिब्रू लिपीत लिहिला.

'कुणी कुणाकडून घेतलं' याचं माझं उत्तर तुम्हाला अर्धवट वाटेल. सूरह यूसुफमध्ये मिसरच्या बायका यूसुफना बघून हात कापून घेतात. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात हे नाही, पण यहुदी मिद्राशांत, म्हणजे जुन्या कथा-भाष्यांत, आहे. मिद्राश कुठला जुना, कुठला नंतर लिहिला गेला हे ठरवताना तज्ज्ञ एकमेकांशी भांडतात. देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली असणार. श्रद्धावान मुस्लिमासाठी हा प्रश्नच उभा राहत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्हींचा उगम एकच, आणि कुरआन नंतरचं नव्हे, खात्री करून देणारं. इतिहासकार म्हणून विचारता की श्रद्धावान म्हणून, त्यावर उत्तराचं वळण अवलंबून आहे.

तुम्ही रायगडकडचे आहात असं लिहिलंय, म्हणून एक. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवतात, आणि बेने इस्रायली कुटुंबं नवस फेडायला तिथे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरं, गोड, वर फळं. कोकणातले मुसलमानही फातेहाला मलिदा करतात, जिन्नस वेगळे, नाव तेच. कुरआनात हाच एलियाहू इल्यास या नावाने बआल देवाच्या पूजकांना आव्हान देतो आणि तिथेच त्याची गोष्ट आटोपते. यहुदी एलियाहू मात्र अग्निरथातून वर गेला, मेला नाही, आणि सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडतात. नबुव्वत बंद झाली म्हणणाऱ्या घरात नावी अजून येतो-जातो. हे विसंगत आहे का, असं एकदा मी एका बेने इस्रायली आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, तो नवीन काही सांगायला थोडाच येतो."

पुढे वाचायचं असेल तर दावीदनंतर योना (कुरआनात यूनुस) घ्या. पुस्तक चार अध्यायांचं आहे, अर्ध्या तासात होतं. मग सूरह साफ्फात, आयत १३९ ते १४८. मासा दोन्हीकडे आहे, ज्यांच्याकडे त्याला पाठवलं ते लोक दोन्हीकडे नाशातून बचावतात. एकीकडे १,२०,००० माणसं आणि पुष्कळ गुरं, दुसरीकडे एक लाख किंवा त्याहून अधिक. सावलीचं झाडही दोन्हीकडे आहे. ते कधी उगवतं तेवढं बघा. कुरआनात माशाच्या पोटातून बाहेर पडलेल्या आजारी यूनुसवर अल्लाह वेल उगवतो आणि मग त्यांना लोकांकडे पाठवतो. योनामध्ये ते शहर वाचल्यानंतर उगवतं, तो रुसून बाहेर बसलेला असताना, आणि दुसऱ्या पहाटे एक किडा ते खातो.